गच्चीवरच्या डब्यातली कामटी

मी अक्षरं शिकले ती पत्रकांवर. अण्णा बारामती एमआयडीसीतल्या एका कारखान्यात इलेक्ट्रिशियन. शिफ्ट सुटली की मोटरसायकलच्या हँडलला सुतळीनं बांधलेला पत्रकांचा गठ्ठा अडकवून घरी यायचे. रविवारी सकाळी ताई आणि मी सतरंजीवर बसून त्यांच्या घड्या घालायचो. ताई नखानं घडी दाबायची, मी गठ्ठे लावायचे. गुलाबी कागद, पिवळा कागद, बोटांना लागणारी शाई. विषय बदलत असायचे. कधी कंत्राटी कामगार, कधी अंगात येणाऱ्या बाया, कधी पाण्याच्या पाळ्या. लग्नसराई आली की मात्र विषय एकच. ‘हुंडा घेणारा भिकारी, देणारा त्याचा साथीदार.’ हे वाक्य अण्णांचं स्वतःचं. ते त्यांनी बाजारात उभं राहून वाटलं, मांडवात वाटलं, एकदा तर मुंडावळ्या बांधलेल्या नवरदेवाच्या हातात दिलं.

मग ताईचं लग्न ठरलं आणि अण्णांनी एसी दिला.

हुंडा नव्हे. तो शब्द आमच्या घरात कुणी काढला नाही. ताईच्या सासरची, कळस गावची माणसं बोलणी करायला आली, त्यांनीही काढला नाही. ताईचे सासरे, ज्यांना सगळं गाव आबा म्हणतं, आमच्या एकुलत्या एक खुर्चीत ऐसपैस बसले आणि म्हणाले, “आमाला कायबी नगं पाव्हणं. ऊस हाय, बंगला हाय, पान्याला कमी न्हाय. पर पोरगी तुमची एमआयडीसीकडची. तिला उकाड्याची सवय न्हाय. तिच्या सोयीचं काय ते तुमचं तुमी बघा.”

आमच्या घरावर पत्रा आहे. उकाड्याची सवय नसती तर आम्ही दोघी वाढलोच नसतो. आबा हे त्याच पत्र्याखाली बसून, उपरण्यानं मान पुसत बोलत होते.

एसी दोन टनाचा घेतला. कारण आबांच्या हॉलला दीड टन पुरायचा नाही, असं दाजींनी, म्हणजे ताईच्या नवऱ्यानं, फोनवर हळूच सुचवलं. लेकीच्या सोयीची वस्तू सासऱ्याच्या हॉलच्या मापानं घेतली गेली आणि अण्णांनी हूं की चूं केलं नाही. मी केलं, तर म्हणाले, “तू गप.”

त्या हॉलमध्ये सोफ्यावरचं प्लास्टिक अजून काढलेलं नाही. एसी बसला त्या दिवशी त्याला हार घातला, नारळ फोडला, पुढच्या पांढऱ्या पट्टीवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं. तेव्हापासून तो आबांच्या माणसांसाठी चालतो. सोसायटीची माणसं येतात, उसाच्या तोडीवर बोलतात, चहा पितात, मान वर करून गार हवा तोंडावर घेतात आणि म्हणतात, “आबा, थंडगार केलंय की वं!” आबा हसतात, जणू हवा स्वतः फुंकत आहेत. ज्या पोरीला उकाड्याची सवय नव्हती तिची खोली बंगल्याच्या मागच्या अंगाला, मावळतीकडं. दुपारनंतर तिथली भिंत तव्यासारखी होते. त्या खोलीत पंखा आहे, तोही तिसऱ्या आकड्याच्या पुढं गेला की खडखडतो.

उन्हाळा तापला तसा एसी बिघडला. आत पंखा फिरायचा, वारा यायचा, पण तो नुसता वारा. गार नाही. मध्येच भिंतीवरून पाणी गळायचं आणि सोफ्याच्या प्लास्टिकवर तळं साचायचं. कुणा मिस्त्रीला बोलावलं नाही. बोलावलं असतं तर त्याचा खर्च आपल्या वस्तूवरचा खर्च झाला असता. चालत होता तोवर एसी आबांचा होता; बिघडला त्या क्षणी तो पाव्हण्यांचा झाला.

फोन आला तेव्हा आम्ही जेवत होतो. कारखान्यातल्या आवाजानं अण्णांचे कान गेलेत, म्हणून त्यांचा फोन कायम स्पीकरवर. त्यामुळं सगळं मी ऐकलं. पलीकडं हॉलमध्ये माणसं बसलेली होती. त्यांचं खोकणं, खुदखुदणं ऐकू येत होतं.

“पाव्हणं, मशीन खोटं निघालं तुमचं,” आबा म्हणाले. “एक उन्हाळा बी काढला न्हाय त्येनं.”

“बघतो की आबा,” अण्णा म्हणाले.

“बघायचं काय त्येच्यात? टेम्पो लावून देतो. मशीन घिऊन जावा. पोरगी बी संगं यील, ऱ्हाऊ द्या म्हायेरी. नवं मशीन घावलं की दोगं बी यिऊ द्या, मशीन बी आन पोरगी बी. काय घाई न्हाय आमाला.”

मागून कुणीतरी हसलं.

अण्णा म्हणाले, “व्हय आबा.”

ताई तेव्हा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, हे तिनं मला नंतर सांगितलं. हातात चहाचा ट्रे होता. आपला बाप ‘व्हय’ म्हणाला, हे तिनं हॉलभर माणसांसमोर ऐकलं आणि मग त्या माणसांना चहा दिला.

दुसऱ्या दिवशी अण्णा नवीन एसी बघायला दुकानात जाऊन आले. जुना का बिघडला हे न बघता. ज्या माणसानं आयुष्यभर कारखान्यातली पॅनेलं उघडली, ज्याला नुसत्या आवाजावरून कळतं की कुठली मोटर एका फेजवर ओढतीय, तो माणूस आपणच घेतलेली वस्तू उघडून बघायला तयार नव्हता.

“तुम्ही जाऊन बघा ना,” मी म्हटलं.

“सोयऱ्याच्या दारात जाऊन मशीन खोलायचं म्हंजे त्येंना खोटं पाडायचं,” ते म्हणाले. “मुलीच्या बापानं तसं करायचं नसतं.”

“कुणी सांगितलं?”

“सांगाय लागतं व्हय?”

“मग ते पत्रक? देणारा त्याचा साथीदार?”

त्यांनी माझ्याकडं बघितलंच नाही. “पत्रक गावासाठी आसतं,” म्हणाले. “लेकीसाठी न्हाय.”

एवढं स्वच्छ वाक्य त्यांच्या एकाही पत्रकात नाही. मला त्या क्षणी त्यांची कीव आली असती तर बरं झालं असतं. आली ती किळस.

मी त्यांची कामाची पिशवी उचलली. ते अडवायला उठले नाहीत. उलट कपाटातून एक नवा कॉन्टॅक्टर, म्हणजे विजेचा जाड स्विच, काढून पिशवीत टाकला आणि म्हणाले, “न्यायचा तर न्हे. दोन टनाला वरनं हा लावत्यात. बहुतेक ह्योच गेला आसंल.” म्हणजे त्यांना अंदाज होता. फोनवर ‘व्हय’ म्हणतानाही होता.

कळसला पोचले तेव्हा टेम्पो अजून आलेला नव्हता, पण ताईची कपड्यांची पिशवी भरून पुढच्या सोप्यात ठेवलेली होती. तिनं नाही, तिच्या सासूनं भरलेली. सासूबाई माझ्या हातातला मीटर आणि पकड बघून म्हणाल्या, “का गं, तुजा बाप न्हाय आला? पोरीला धाडली व्हय मिस्त्री करून?”

“मिस्त्री तुमच्या घरातच आहे,” मी म्हटलं. “तिला तुम्ही कुरडया वाळत घालायला ठेवलीय.”

ताईनं मला डोळ्यांनी दटावलं, पण ओठ मुडपले. आम्ही दोघीही अण्णांच्या पिशवीत हात घालून वाढलो. पोरी भातुकली खेळतात, तशा आम्ही कारखान्यातून भंगारात निघालेले स्टार्टर खोलायचो.

गच्चीवर जाताना जिन्यातच ताई सांगू लागली, कारण खाली तिला कुणी सांगू दिलं नव्हतं. “अगं, मला कधीचं कळलं होतं. मी वर कुरडया घालते ना, त्या आउटडोअरच्या बाजूला. हॉलमधला एसी रिमोटनं बंद केलेला असायचा, मी स्वतः बघून यायची. तरी वरचा पंखा चालूच. कुरडयांवरचं फडकं उडायचं. गरम वाऱ्यानं कुरडया निम्म्या वेळात कडकडीत वाळायच्या. मी म्हटलं आबांना, की खाली बंद केला तरी वर चालू राहतोय, काहीतरी अडकलंय.”

“मग?”

“म्हणाले, तुला कान जास्त हायेत. सासूबाई म्हणाल्या, कुरडया वाळल्या न्हवं, मग तक्रार कसली?”

इथं त्या कॉन्टॅक्टरविषयी थोडं सांगावं लागेल, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आहे. मोठ्या एसीचा बाहेरचा भाग पुष्कळ वीज ओढतो. खोलीतल्या भागातल्या नाजूक सर्किटला एवढी वीज चालू-बंद करणं झेपत नाही. म्हणून बाहेर एका डब्यात कॉन्टॅक्टर बसवतात. खोलीतून त्याच्या कॉइलला थोडीशी वीज येते, कॉइल लोहचुंबक होते, मधला दांडा खाली ओढते, दांडा खाली आला की जाड पॉइंट एकमेकांना टेकतात आणि कॉम्प्रेसर सुरू होतो. खोली गार झाली की वीज थांबते, स्प्रिंग दांड्याला वर ढकलते, कॉम्प्रेसर बंद. बस, इतकंच. उसाच्या मोटरच्या स्टार्टरमध्येही हीच वस्तू असते. कळसमधल्या प्रत्येक विहिरीवर, प्रत्येक खोक्यात.

मी खालचं मेन बंद करून आले. ताईनं टेस्टर लावून वीज नसल्याची खात्री केली आणि डब्याच्या झाकणाचे स्क्रू काढले. शेवटचा स्क्रू सैल झाला तसं झाकण आपोआप पुढं उडालं, आतून कुणी ढकलावं तसं. काहीतरी खाली पडलं.

बांबूची कामटी. बोटाएवढी, चाकूनं सारखी तासलेली, एका टोकाला जळून काळी झालेली.

समजायला वेळ लागला नाही. कामटीचं एक टोक दांड्यावर, दुसरं झाकणाला. झाकणाचे स्क्रू आवळले की दांडा दाबलेलाच. मग खोली काय सांगतेय, रिमोट काय सांगतोय, याला काही अर्थ नाही. कॉम्प्रेसर चालूच. आतला पंखा बंद, बाहेर कॉम्प्रेसर चालू. आतल्या नळ्यांवर बर्फ चढणार, तो वितळून भिंतीवरून गळणार. सोफ्यावरचं तळं ते.

ताईनं कॉन्टॅक्टर सोडवून हातात घेतला. एका बाजूचे पॉइंट एकमेकांत वितळून चिकटले होते. दांडा सोडला तरी सुटत नव्हते. दुसऱ्या बाजूचे जळून कोळसा झाले होते. दांडा दाबून मीटर लावला तरी मीटर मुका. एक बाजू कधी बंद न होणारी, दुसरी कधी चालू न होणारी. कॉइल मात्र शाबूत होती. ताईनं कॉम्प्रेसरच्या वायरी मीटरनं तपासल्या, अर्थिंगला चिकटलेलं काही नाही ना तेही बघितलं, आणि पहिल्यांदा मोठा श्वास सोडला. “कॉम्प्रेसर वाचलाय,” म्हणाली. “मशीन खोटं नाही.”

मग ती कामटी घेऊन खाली गेली. मी मागं.

आबा हॉलमध्येच होते, सोसायटीची दोन माणसं समोर. दाजी कोपऱ्यात मोबाईल बघत बसलेले. लोणी देवकरच्या कारखान्यात ते माणसांवर देखरेख करतात म्हणे. घरात मात्र त्यांची नजर मोबाईलच्या वर येत नाही.

ताईनं कामटी टीपॉयवर ठेवली. “आबा, ही वर डब्यात सापडली.”

मला वाटलं होतं, माणूस चपापेल. कुठलंतरी गडीमाणसाचं नाव घेईल. आबांनी कामटी उचलून डोळ्याजवळ नेली आणि ओळखीचं माणूस भेटल्यासारखं तोंड केलं.

“आरं व्हय! मीच लावली ती. का?”

“का म्हणजे?”

“संध्याकाळी हितं लाईट आसती का पुरी? ते डबडं नुसतं घुंर्र घुंर्र करायचं, पकडायचंच न्हाय. मोटरचं बी तसंच करतं. मंग काय, आरती ववाळायची त्येची? कामटी मारली. आमच्या विहिरीवरच्या स्टार्टरला माझ्या बापानं मारल्याली कामटी हाय, अजून चालती मोटर. इचारा ह्येंना.”

समोरच्या दोघांनी माना हलवल्या. एक जण म्हणाला, “चालती की.” दुसरा म्हणाला, “आमची बी कामटीवरच हाय.”

सगळ्या शिवारात वीज कमी पडते, खरं आहे. वीज कमी का पडते, हे विचारायला यांच्यातलं कुणी कधी कचेरीत गेलेलं नाही. वस्तू नको म्हणते तेव्हा तिला दाबून धरायचं, एवढीच यांची विद्या. मोटर दाबून धरतात तोवर पाणी चढतं. मोटर जळली की मोटर हलकी. हेच हात, हीच कामटी, आणि समोर जे येईल ते मोटरच.

“मोटरला विहीर उपसायची असते,” ताई म्हणाली. तिचा आवाज अजिबात चढला नव्हता. “ती थांबायची वाट बघत नाही. एसीला थांबावं लागतं, तरच तो गार करतो. तुम्ही त्याला थांबू दिलं नाही, म्हणून तो जळला. आणि मी सांगितलं होतं.”

“बरं, मंग आता चालू हुईल का न्हाय?”

“होईल.”

“झालं तर मंग! वाद कशाला?” आबा माणसांकडं वळून हसले. “सूनबाई हुशार हाय आमची. आगं, तिची पिशवी आत ठिवा. ऱ्हाऊ द्या पोरगी हितंच. नगं त्यो टेम्पो.”

त्यांनी तिला माफ करून टाकलं होतं. सासूबाई पिशवी उचलायला पुढं झाल्या. मला असं वाटलं की ती कामटी घेऊन या माणसाच्या तोंडात आडवी घालावी, म्हणजे त्याचंही तोंड उघडंच राहील आणि शब्द बाहेर येणार नाही. पण ताईनं माझा दंड धरला.

“पिशवी राहू द्या तिथंच,” ती म्हणाली. “आबा, अण्णांना फोन लावा. त्या दिवशी लावला होता तसाच, सगळ्यांसमोर, स्पीकरवर. मशीन खोटं नव्हतं, कामटी मी मारली, एवढं सांगा. मग मी नवीन कॉन्टॅक्टर बसवते.”

दाजींचा अंगठा मोबाईलवर थांबला.

“आता ह्ये काय खूळ,” सासूबाई पुटपुटल्या.

“लावा, लावा,” आबा म्हणाले. त्यांना त्यात काही कमीपणा का दिसला नाही, हे मला आधी कळलं नाही. त्यांना खात्री होती. मुलीच्या बापाशी बोलायचं होतं. त्यात हरायचं काय?

फोन लागला.

“पाव्हणं, ते मशीनचं,” आबा म्हणाले. “त्यात मी जरा कामटी मारली हुती...”

“आसू द्या, आसू द्या आबा!” अण्णांचा आवाज एवढा मोठा आणि घाईचा आला की आबांनी फोन कानापासून दूर धरावा तसा धरला. “तुमचं काय न्हाय त्येच्यात. मशीनच नाजूक निघालं. आमीच जरा बघून घ्यायला पायजे हुतं. मी नवं बघूनच आलोय.”

आबांनी ताईकडं बघितलं. त्या बघण्यात रागही नव्हता. पाहुण्यानं ताट पुढं केलं, मी काय करू, असं ते बघणं होतं.

मी त्या दिवसापर्यंत आबांचा तिरस्कार करत होते आणि तो सोपा होता. त्यांनी कधीच काही छापून वाटलं नव्हतं. जे होते तेच दिसत होते. पण हॉलभर माणसांसमोर ज्या माणसानं, कुणी न मागता, स्वतःच्या लेकीच्या हातातलं खरं काढून घेतलं आणि ते सोयऱ्याच्या पायावर वाहिलं, त्याच्या पत्रकांच्या घड्या मी घातल्या होत्या.

ताई पुढं झाली. फोन आबांच्याच हातात होता. ती फक्त वाकली.

“अण्णा, मी बोलतेय. मशीन नाजूक नव्हतं. पॉइंट मी बघितलेत. तुम्हाला माहीत आहे कामटी मारल्यावर काय होतं. म्हणा तसं.”

पलीकडं भांडं ठेवल्याचा आवाज आला.

“पोरी, फोन ठिव,” अण्णा म्हणाले.

“तुम्ही म्हणेपर्यंत मी नवीन बसवणार नाही. दुसऱ्या कुणाला हात लावू देणार नाही. आणि मी कुठंही येणार नाही. नवीन एसी आणला तर तो तुमच्या पत्र्याखाली लावा.”

तिनं फोन बंद केला नाही. सरळ झाली, वर गेली, डब्याला झाकण लावलं, आतल्या मोकळ्या वायरींना टेप गुंडाळून आली. नवा कॉन्टॅक्टर तिच्या पिशवीत, आणि पिशवी तिनंच उचलून मागच्या खोलीत नेली.

टेम्पो आला नाही. आबांना आता मशीन परत पाठवता येत नाही. पाठवलं तर का, हे सांगावं लागेल, आणि त्या दोन माणसांनी कामटीची गोष्ट तोवर गावभर केलेली आहे. गावाला त्यात काही चूक दिसत नाही, पण गोष्ट म्हणून आवडली आहे. मिस्त्री बोलावला तर तो पहिल्यांदा डबा उघडणार. म्हणून हॉलमधला एसी तसाच आहे, कुंकवाच्या स्वस्तिकासकट. माणसं येतात, सोफ्याचं प्लास्टिक मांड्यांना चिकटतं, उपरण्यानं वारा घेतात. ताई चहा देते. ट्रे ठेवून लगेच आत येत नाही. जरा वेळ उभी राहते, कुणी काही विचारतंय का बघत.

परवा अण्णा नवीन पत्रकं घेऊन आले. लग्नसराईची. गठ्ठा सतरंजीवर ठेवला, सुतळी सोडायला कात्री आणली आणि मला हाक मारली, “ये, बस घड्या घालाय.”

मी म्हटलं, “आधी कळसला फोन लावा.”

त्यांनी कात्री सतरंजीवर ठेवली. मग उठून कामावर गेले. गठ्ठा अजून सुतळीतच आहे.